आडोसा

अकरा वर्षं झाली,
विसपुत्यांचं स्टेशन आतल्या खोलीत उभं आहे.
जेल रोडच्या दोन खोल्यांतली एक
रुळांनी खाल्ली, मी काही बोलले नाही.
थर्माकोलचा घाट, घाटात बोगदा,
सिग्नलचा हात पडतो, उठतो,
जर्मन इंजिन, पाच डबे,
फलाटावर बावीस माणसं, हमाल धरून.

प्रेसमध्ये छत्तीस वर्षं
नोटांच्या कडा तपासलेला माणूस.
केसभर फरक त्याला झोपू देत नाही.

एका दुपारी गवार मोडता मोडता मी विचारलं,
ही बावीस माणसं अकरा वर्षं उभी आहेत,
एकालाही लागत नाही?

त्यांनी चष्मा कपाळावर नेला.
म्हणाले, नकाशात नाहीये.

मग मीच घेतलं करायला.
द्राक्षाच्या पेटीची फळी विळीवर चिरली.
रक्तदाबाच्या गोळ्यांची चांदी
फणीच्या दातांवर अंगठ्यानं दाबत नेली,
झाला पन्हळी पत्रा.
गंज हवा होता. चहाचा चोथा, चिमूटभर कुंकू.
भाच्याच्या लग्नात, गंगापूर रोडच्या लॉनवर,
कुणाच्या तरी बाटलीचं बूच मी पर्समध्ये टाकलं होतं,
का, ते तेव्हा ठाऊक नव्हतं.
त्याचा ओटा.
रिफिलचं पितळी टोक म्हणजे टमरेल.
छपरावर हिरव्या दोऱ्याचा वेल चढवला
आणि त्याला एक जिरं टांगलं, पोपटी रंगवून.
विसपुत्यांनी हिशेब केला,
एकास सत्त्याऐंशीनं सतरा इंची दुधी.
"बसतो," म्हणाले, नाइलाजानं.

लगेच गुण्या लावून पाहिला.
"डावीकडे झुकलंय."
दोन पावसाळे काढलेला संडास, म्हटलं,
कुठंतरी झुकणारच.
सरळ उभा असतो तो फक्त सरकारी कागदावर.

"आणि कडी?"

कडी मी केली नव्हती.
पत्र्याला सुईनं भोक पाडून
एक दोरा ओवला होता, आत सोडलेला.
एवढी बारीक कडी मला जमत नाही, म्हटलं.

ओढा स्टेशनच्या पुढच्या फाटकावर वडील होते माझे.
खोली रुळांच्या अलीकडे, संडास पलीकडे.
कडी तुटली ती तुटलीच.
आई आतून दोरी धरून बसायची
आणि मी बाहेर, दाराकडे पाठ करून,
सात वर्षांची राखणदार.
मालगाडी आली की सगळा पत्रा थरथरायचा.
मी डबे मोजायचे, मोठ्यांदा,
म्हणजे तिला कळावं की मी आहे.
अठ्ठावन्न. कधी बासष्ट.
एकदा मोजता मोजता चुकले
तर आतून बरोबर आकडा आला.

हे विसपुत्यांना सांगायचं राहून गेलं.
चाळीस वर्षांत विषयच निघाला नाही,
असले विषय निघतात कुठे?

त्यांनी फलाटाच्या टोकाला, पाण्याच्या टाकीमागे,
चिमट्यानं जागा करून दिली.
दोन झुडपं सरकवली. डिंकाचा एक थेंब.
त्या रात्री गाडी फिरवली नाही,
डिंक वाळू दे म्हणाले.

सकाळी केर काढायला गेले
तर फलाटावर एकवीस माणसं.
हिरव्या लुगड्यातली ती नव्हती.
तिचं बोचकं हमालाच्या पायाशी ठेवलेलं,
आणि पत्र्याचं दार लागलेलं,
दोरा आतून ताणलेला.

विसपुते मोरीत होते, नळ मोठा सोडून.

मी केरसुणी खाली ठेवली.
बटण दाबलं,
आणि पाठ करून उभी राहिले.
पाचच डबे. मोठ्यांदा मोजले.
गाडी फिरून आली. पुढं मोजले.
सहा, सात, आठ.
बासष्टपर्यंत जायला वेळ लागतो.